चिनी घरांतील पोसलेलीं मुलें

कुंभारीण माशी परकी आळी उचलून आपल्या घरट्यांत नेते व तिची कुंभारीणच बनविते, ही समजूत भ्रमर-कीटक-न्यायाच्या रूपानें आपल्याकडे प्रसिद्ध आहे. प्राचीन चीनमध्येंही ती होती. 'शी चिंग' या पुरातन काव्यसंग्रहांत तिचा उल्लेख आहे; त्यावरूनच परक्या कुळांतून आणलेल्या मुलाला तेथें 'मिंगलिंग', म्हणजे आळी, असें नांव पडलें.

चिनी गृहस्थाला पुत्र हवा तो मुख्यतः पितरांच्या पूजेसाठीं. तो नसल्यास पुतण्या, नाहींतर त्याच आडनांवाच्या भाऊबंदांतील मुलगा घ्यावा, असें मिंग व चिंग राजवटींचे कायदे सांगत. टाकून दिलेलें तीन वर्षांच्या आंतील मूल वाढवून त्याला आपलें आडनांव देण्याची मुभा होती. वारसा मात्र देतां येत नसे. लोक कायद्यापेक्षां गरजेचें अधिक ऐकत, आणि परकीं मुलेंही सर्रास घेत.

मुलींची कथा निराळी. गरीबाघरची मुलगी तान्हेपणींच दुसऱ्या घरीं जाई, व पुढें त्याच घरच्या मुलाशीं तिचें लग्न लागे. या 'थुंग-यांग-शी'च्या चालीनें माहेरचें एक तोंड कमी होई, सासरचा लग्नखर्च वांचे आणि सासूला धाकांत वाढलेली सून मिळे. आर्थर वुल्फ या अमेरिकन मानवशास्त्रज्ञानें उत्तर तैवानांतील जपानी अमदानीच्या कुटुंबनोंदी तपासल्या. भावंडांप्रमाणें वाढलेल्या या जोडप्यांना संतति कमी होई व त्यांच्यांत काडीमोड अधिक होत, असें त्यांस आढळलें.

१९५० च्या विवाह कायद्यानें चीनमध्यें या चालीस मनाई केली. परंतु १९८० च्या सुमारास एकाच अपत्याचा नियम आला, आणि पुत्राच्या आशेनें मुली पुन्हां गुपचूप घरें बदलूं लागल्या. कित्येक कुटुंबांनीं त्यांना पोटच्या लेकीप्रमाणें वाढविलें. तथापि १९९२ सालीं अंमलांत आलेल्या दत्तक कायद्यानें सामान्यतः निपुत्रिक व ३५ वर्षें पूर्ण केलेल्यांनाच मूल घेण्याची परवानगी दिली. त्यामुळें अनेक मुली सरकारी नोंदींबाहेर राहिल्या, आणि नोंद नाहीं म्हणून शाळेचें दारही त्यांना सहज उघडेना.

कुंभारीण आळीला पोसत नाहीं, ती आपल्या पिलांना भक्ष्य म्हणून आणते, हें ताओ हुंगचिंग या चिनी वैद्यानें सुमारें पंधराशें वर्षांपूर्वीं लिहून ठेवलें होतें. तरी नांव टिकलें तें टिकलेंच. परक्या घरीं गेलेलें लेकरूं तेथें लेक झालें कीं भक्ष्य, हें कायद्यापेक्षां त्या घरच्या माणसांवरच अवलंबून राहिलें.