निर्धूर चूल आणि धुराडे : वळ (ता. भिवंडी) परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

प्रस्तावना

घराच्या इतिहासात ओटी, माजघर, छप्पर यांची चर्चा होते. चुलीची फारशी होत नाही. वास्तविक घरात आग कोठे ठेवायची आणि तिचा धूर कोठून काढायचा, या प्रश्नाशी स्त्रियांच्या आरोग्याचा थेट संबंध आहे. निर्धूर चुलीच्या प्रयत्नांत चूल घडविण्याकडे जेवढे लक्ष दिले गेले तेवढे ती घरात बसविण्याकडे दिले गेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जुने घर

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यातील वळ हे गाव आज गोदामांच्या पट्ट्यात मोडते. हा पट्टा मूळचा भातशेतीचा. उत्तर कोकणातील जुन्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणमातीने लिंपलेल्या असत. वर पेंढा किंवा कौले. मातीची चूल जमिनीवर, तिच्या बाजूला वैल. धुराडे नसे. धूर कौलांच्या फटींतून बाहेर पडे. हा केवळ निष्काळजीपणा होता असे म्हणता येत नाही. धुरामुळे वाशांना व बांबूला कीड कमी लागे, माळ्यावरचे बियाणे आणि सुकी मासळी टिके. या सोयीची किंमत मात्र फुंकणी हातात घेऊन चुलीपुढे बसणारी स्त्री मोजत होती. अंघोळीचे पाणी तापविणाऱ्या तांब्याच्या बंबाला मधोमध धूर काढणारी नळी होती. स्वयंपाकाच्या चुलीला ती नव्हती, हे नोंदविण्यासारखे आहे.

मगनवाडीपासून राष्ट्रीय कार्यक्रमापर्यंत

महाराष्ट्रात या प्रश्नाचा संघटित विचार वर्ध्यास झाला. 1934 मध्ये महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. मगनवाडी या त्याच्या केंद्राच्या नावावरून धूरनळी असलेली ‘मगन चूल’ ओळखली गेली. पुढे हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीचा आराखडा तयार केला व 1953 मध्ये त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. त्या काळी भर होता तो धूर व सरपण यांवर. चुलीच्या धुराचे प्रत्यक्ष मोजमाप नंतर झाले. किर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणारे धूलिकण मोजले आणि 1983 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्रात पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने (‘आरती’) त्यास तांत्रिक साह्य दिले. साच्यातून घडविलेल्या तिच्या ‘लक्ष्मी’ चुलीचा लाभ असा की आतील मापे कारागिराच्या अंदाजावर अवलंबून राहत नसत. 2002 मध्ये कार्यक्रम थांबला तेव्हा देशात सुमारे 3.5 कोटी चुली बसविल्याची सरकारी नोंद होती. त्यांपैकी किती चालू राहिल्या, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

बसविण्याचा प्रश्न

चूल एका दिवसात तयार होते. धुराड्याचे तसे नाही. नळी सरळ उभी हवी, सांधे बंद हवेत, टोक छपराच्या वर निघावयास हवे आणि त्यावर पावसासाठी टोपी हवी. तापलेली नळी पेंढा, वासा किंवा कुडाला टेकता कामा नये. मध्ये मोकळी जागा किंवा माती-विटांचा आधार हवा. कोकणच्या पावसात कौलांमध्ये पाडलेल्या भोकातून पाणी गळते, म्हणून घरमालक ते भोक बुजवितो आणि नळी आढ्याखालीच संपते. अशा चुलीतला धूर घरातच राहतो. शिवाय आढ्याला ठिणगीचे भय. नळीत काजळी साठली की ओढ कमी होऊन धूर चुलीच्या तोंडातून परत येतो. काजळी काढणे हे नियमित काम आहे; पण अनुदान बसविण्यासाठी होते, साफसफाईसाठी कोणाची नेमणूक नव्हती. ओडिशातील 44 गावांत झालेला आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच दाखवितो : पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे वापर व निगा कमी होत गेली आणि तो लाभ उरला नाही.

छप्पर बदलल्यानंतर

भिवंडी तालुक्यात शेतजमिनीवर गोदामे उभी राहिली तशी घरेही बदलली. कौलांच्या जागी स्लॅब आला. कौलारू घराला फटी होत्या, स्लॅबला नाहीत. म्हणजे तीच चूल, तेच सरपण, पण धुराला वाट नाही. बंद न्हाणीघरात तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे, आणि त्या वायूला वासही नसतो. त्यामुळे अशा घरात चूल पडवीत किंवा परसात काढणे, अथवा स्लॅब भरतानाच धूरनळीसाठी जागा राखणे, हे दोनच मार्ग उरतात. नंतर स्लॅब फोडून नळी काढली तर गळती जवळजवळ ठरलेली.

मे 2016 पासून उज्ज्वला योजनेने गॅसजोडण्या वाढविल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी कुटुंबे देशात 58.6 टक्के आढळली. या आकड्याचा आधार एकच आहे : स्वयंपाकाचे मुख्य इंधन कोणते. गॅस असलेल्या घरात पाणी तापविण्यासाठी वा भाकरीसाठी रोज पेटणारी दुसरी चूल त्यात मोजली जात नाही.