स्लॅप शॉट आणि मोडणारी स्टिक

आइस हॉकीत स्टिक मागे उंच नेऊन, बर्फाला घासून पकवर मारलेल्या जोरकस फटक्याला स्लॅप शॉट म्हणतात. या खेळातला हा सर्वांत वेगवान फटका. स्टिक मोडण्याचे खापरही बहुतेक वेळा याच फटक्यावर फुटते. नवशिका खेळाडू पूर्ण ताकदीने स्टिक खाली आणायला कचरतो तो याच भीतीने. ही भीती समजण्यासारखी असली, तरी तिचे बोट चुकीच्या कारणाकडे असते.

मराठी वाचकाला हॉकी म्हटले की मैदानी हॉकी आठवते. तिथला चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. आइस हॉकीचा पकही वजनाने जवळपास तेवढाच, १५६ ते १७० ग्रॅम. पण तो गोल चेंडू नसून कडक रबराची चकती असते. तिचा व्यास ७.६२ सेंमी आणि जाडी २.५४ सेंमी. सामन्याआधी पक गोठवून ठेवतात, म्हणजे तो बर्फावर उसळत नाही.

फटका कसा बसतो

स्लॅप शॉटचे सारे गुपित एका गोष्टीत आहे: स्टिकचे पाते पकवर थेट बसत नाही. ते पकच्या काही इंच मागे बर्फावर टेकते. वरचा हात दांड्याचे टोक मागे खेचतो, खालचा हात दांडा पुढे रेटतो आणि पाते बर्फात अडते. त्यामुळे दांडा धनुष्यासारखा वाकतो. शरीराचे वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर येत असतानाच वाकलेले पाते पकपर्यंत पोचते, दांडा सरळ होऊ लागतो आणि साठलेली ऊर्जा पकला मिळते. पाते आणि पक यांचा संपर्क टिकतो सेकंदाच्या तीन-चार शतांशांइतकाच. एवढ्या वेळात मनगट वळवून पाते लक्ष्याकडे रोखायचे असते.

संथ गतीचे चित्रीकरण पाहिले की हे स्पष्ट दिसते. खालच्या हातापाशी दांड्याला इतका बाक येतो की आता काडकन आवाज येणार असे वाटते, आणि पुढच्याच क्षणी तो सरळ झालेला असतो. बर्फाला न लागता नुसत्या पकवर पाते आपटले, तर दांडा पुरेसा वाकत नाही. हातांना झिणझिण्या येतात आणि पक जेमतेम सरकतो. स्टिक वाचवण्यासाठी हळूच मारणारा खेळाडू नेमकी हीच चूक करतो. बर्फाला स्टिक लागली म्हणजे चुकले असे त्याला वाटते. खरे तर तिथेच फटक्याची सुरुवात होते.

या फटक्याची एक धाकटी बहीण आहे, वन-टायमर. सहकाऱ्याने दिलेला पास न अडवता थेट मारायचा. वॉशिंग्टन कॅपिटल्सचा अलेक्झांडर ओवेच्किन गोलसमोरच्या डाव्या वर्तुळात उभा राहून वर्षानुवर्षे हाच फटका मारत आला. ६ एप्रिल २०२५ रोजी त्याने एनएचएल या उत्तर अमेरिकी व्यावसायिक लीगमधला वेन ग्रेट्झ्कीचा ८९४ गोलांचा विक्रम मागे टाकला.

वेग

एनएचएलच्या ऑल-स्टार कौशल्यस्पर्धेत २०१२ साली झ्देनो खारा याने ताशी १७५.१ किमी वेगाची नोंद केली. खारा हा ६ फूट ९ इंच उंचीचा स्लोव्हाक बचावपटू. २०२० मध्ये एएचएल या दुय्यम लीगच्या अशाच स्पर्धेत मार्टिन फ्रक याने १७५.७ चा आकडा गाठला, तर रशियाच्या केएचएलमध्ये २०१२ साली अलेक्झांडर र्‍याझान्त्सेव याच्या नावावर १८३.७ किमी लागले. मोजण्याच्या पद्धती लीगनुसार बदलतात, म्हणून हे आकडे एकाच फूटपट्टीवर मांडणे बरोबर नाही. १९६० च्या दशकातल्या बॉबी हलच्या फटक्यांबद्दल याहून मोठे आकडे सांगितले जातात. त्यांवर विसंबू नये.

गोलरक्षकाच्या बाजूने पाहिले तर हा वेग नीट कळतो. एनएचएलच्या मैदानात निळ्या रेषेपासून गोलरेषा ६४ फुटांवर असते. ताशी १६० किमीने सुटलेला पक हे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. १९८४ साली कॅल्गरीचा बचावपटू अल मॅकिनिस याचा फटका सेंट लुइसचा गोलरक्षक माइक ल्यूट याच्या मुखवट्यावर बसला. मुखवटा फुटला आणि पक गोलात गेला.

पूर्वपीठिका

पहिला स्लॅप शॉट कोणी मारला याविषयी एकमत नाही. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात कृष्णवर्णीय खेळाडूंची कलर्ड हॉकी लीग होती. तिथल्या हॅलिफॅक्स युरेकाज संघाचा एडी मार्टिन विसाव्या शतकाच्या आरंभी असा फटका मारत असे, असे या लीगचे अभ्यासक मांडतात. न्यूयॉर्क रेंजर्सच्या अलेक्स शिबिकीने १९३० च्या दशकात तो एनएचएलमध्ये आणला, हा दुसरा दावा. शिबिकीला तो सहकारी बन कुककडून मिळाला होता. १९५० च्या दशकात माँट्रियलच्या बर्नी जेफ्रियनने हा फटका लोकप्रिय केला. त्याचे टोपणनाव ‘बूम बूम’.

पुढची मोठी उडी एका मोडक्या स्टिकमुळे पडली. शिकागोचा स्टॅन मिकिता सरावात असताना त्याच्या स्टिकचे पाते तडकून वाकडे झाले. वैतागून त्याने तसाच पक मारला, तर तो निराळ्याच तऱ्हेने उडाला. मिकिता आणि हल यांनी मग मुद्दाम पाती वाकवायला सुरुवात केली. वाकड्या पात्याने मारलेला स्लॅप शॉट हवेत कसा वळेल याचा भरवसा उरला नाही, गोलरक्षक हैराण झाले. शेवटी एनएचएलने पात्याच्या बाकावर अर्ध्या इंचाची मर्यादा घातली. पुढे ती पाऊण इंच झाली.

लाकूड ते कार्बन

सुरुवातीच्या स्टिक्स अखंड लाकडाच्या असत. नोव्हा स्कोशियातले मिकमाक आदिवासी कारागीर त्या हाताने घडवत आणि त्यांना मोठा मान होता. नंतर लाकडाचे थर चिकटवून, त्यावर काचतंतूंचे वेष्टन देऊन स्टिक्स बनू लागल्या. मग ॲल्युमिनियमचे दांडे आले आणि २००० च्या सुमारास कार्बन तंतूंच्या एकसंध स्टिकने बाजार काबीज केला. लाकडी स्टिकपेक्षा ती कितीतरी हलकी आणि चपळ. मॅकिनिस मात्र लाकडालाच चिकटून राहिला, आणि त्याच लाकडी स्टिकने त्याने ऑल-स्टारमधली सर्वांत जोरदार फटक्याची स्पर्धा सात वेळा जिंकली.

स्टिकच्या ताठपणाचा आकडा दांड्यावरच छापलेला असतो. त्याला फ्लेक्स म्हणतात. दांडा एक इंच वाकवायला जितके पौंड जोर लागतो तितका त्याचा फ्लेक्स. प्रौढांच्या स्टिक्स साधारण ७५ ते १००, लहान मुलांच्या त्याच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी. आपल्या वजनाचे पौंड करून त्याच्या निम्मा फ्लेक्स घ्यावा, हा दुकानातला ढोबळ हिशेब. इथे पालकांची हमखास फसगत होते: उंचीला लांब पडते म्हणून स्टिक वरून कापली की ती अधिक ताठ होते. ८५ ची स्टिक दोन इंच कापली की नव्वदीच्या पुढे जाते. मग मुलाला ती वाकवताच येत नाही, आणि आपल्या हातात ताकद नाही असा त्याचा समज होतो.

स्टिक का मोडते

लाकडी स्टिक मरणाआधी सांगून जात असे. ती हळूहळू ढिली पडे, करकरे, तिच्या कडेला फट दिसे. कार्बनची स्टिक तसे काही सांगत नाही. कार्बन तंतू आपल्या लांबीच्या दिशेने ओढले तर विलक्षण चिवट असतात. आडवा घाव मात्र त्यांना सोसत नाही. प्रतिस्पर्ध्याची स्टिक दांड्यावर बसली, कोणाच्या स्केटचे पाते त्यावरून गेले, गोलच्या लोखंडी खांबावर रागाने आपटली, अडवलेला फटका दांड्यावर लागला, की आतले थर एकमेकांपासून सुटतात. वरचा रंग शाबूत राहतो. पुढे कधीतरी स्लॅप शॉटमध्ये दांडा पूर्ण वाकतो. त्याच्या आतल्या बाजूवर दाब येतो आणि सुटलेले थर त्या दाबाखाली दुमडतात. सर्वांत जास्त ताण खालच्या हाताजवळ असतो, म्हणून तिथेच किंवा पात्याच्या सांध्याजवळ स्टिक मोडते. दोष फटक्याच्या नावावर जातो. इजा आधीच झालेली असते.

म्हणून स्टिक तपासायची सवय हवी. टेप काढून खालच्या हाताची जागा उजेडात पाहावी. कडांवरून नख फिरवावे. बारीक फट नखाला लागते. अंगठ्याने चारी बाजू दाबाव्यात. मऊ लागली ती जागा गेली. दांडा जमिनीवर हलकेच ठोकला तर धडधाकट स्टिकचा आवाज खणखणीत येतो, आतून फुटलेलीचा बद्द. हे सगळे दोन मिनिटांचे काम आहे.

चुकीच्या तंत्रानेही स्टिक जाते. पकच्या फार मागे, जवळजवळ उभ्या कोनात बर्फावर घाव घातला तर जोर दांड्यात साठण्याऐवजी पात्याच्या सांध्यात जिरतो. वजनाच्या मानाने फारच कमी फ्लेक्सची स्टिक वापरली तरी तेच. कॅनडा-अमेरिकेतल्या अनेक हौशी प्रौढ लीगमध्ये स्लॅप शॉटला बंदीच आहे; पण ती स्टिकसाठी नव्हे, माणसांना इजा होऊ नये म्हणून.

मोडली तर

एनएचएलच्या नियमानुसार मोडलेली स्टिक तिथल्या तिथे टाकून द्यावी लागते. तुकडा हातात धरून खेळत राहिल्यास दोन मिनिटांची शिक्षा. गोलरक्षकाला मात्र खेळ थांबेपर्यंत मोडक्या स्टिकने खेळता येते. राखीव खेळाडूंच्या बाकावरून फेकलेली स्टिक उचलता येत नाही. बाकापर्यंत जाऊन हातात घ्यावी लागते किंवा मैदानातल्या सहकाऱ्याने आपली द्यावी लागते. निळ्या रेषेवरच्या बचावपटूची स्टिक स्लॅप शॉट मारताना मोडली, तर पक प्रतिस्पर्ध्याकडे जातो आणि हा माणूस रिकाम्या हातांनी मागे पळत सुटतो. आपल्या गोलपुढे खेळ अडकला की आघाडीचा खेळाडू त्याला आपली स्टिक देतो आणि स्वतः शरीर आडवे घालून फटके अडवत राहतो. प्रेक्षक अशा वेळी उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि त्या रास्त असतात.

व्यावसायिक खेळाडूला स्टिक संघाकडून मिळते. घरच्या पैशाने खेळणाऱ्याचे तसे नसते. उत्तम प्रतीची कार्बन स्टिक तीनशे डॉलरांच्या घरात जाते आणि उत्पादकाची हमी साधारण ३० दिवसांची असते. मुलाच्या हातातली स्टिक मोडली की घरात शांतता पसरते ती उगाच नाही. लडाखमध्ये तर हा प्रश्न आणखी कठीण आहे: तिथला हंगाम गोठलेल्या तळ्यांवर जेमतेम दोन महिन्यांचा आणि साहित्य बरेचसे परदेशातून आलेले. अशा अवस्थेत तयार झालेल्या मुलींचा भरणा असलेल्या भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये अल ऐन येथे झालेल्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवले.

कॅनडा-अमेरिकेत मुलांना रिंकवर नेणाऱ्या मराठी आईबापांसाठी एवढेच: आधी रिस्ट शॉट, म्हणजे स्टिक मागे न उगारता मनगटाच्या झटक्याने मारलेला फटका, पक्का होऊ द्या, स्लॅप शॉट नंतर. पहिली स्टिक मध्यम किमतीची, योग्य फ्लेक्सची घ्या आणि प्रत्येक सरावानंतर ती तपासा. पण फटका मारताना “जपून मार, मोडेल” असे काठावरून ओरडू नका. वाकणे हे त्या स्टिकचे कामच आहे.