तीन लाखांची मागणी

वर्ध्यात आमच्या विहारात रविवारी अभियांत्रिकीची काही मुले येतात. मागे एकजण म्हणाला, "सर, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची लाज वाटते. वर्गातली मुले 'सरकारचा जावई' म्हणतात." मला त्या मुलांपेक्षा या लाजेचा राग आला. राग त्याच्यावर नव्हे, आम्हा शिक्षकांवर. त्याचा इतिहास आम्ही त्याला सांगितलाच नाही.

त्यातून वर्धा हे सेवेचे गाव. 1928 साली जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायण मंदिर आम्हांला खुले केले, त्याचे कौतुक अजून ऐकतो. अशा गावात हक्कालाही उपकाराचा वास येऊ लागतो.

पण ही शिष्यवृत्ती कुणा दयाळूला सुचलेली नाही. 1942 साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले आणि त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने या समाजाचे फारसे भले होणार नाही, विज्ञान व तंत्राचे शिक्षण हवे, असे त्यात स्वच्छ मांडले आहे. त्यासाठी देशातल्या शिक्षणाला दरसाल 2 लाख आणि परदेशातल्या शिक्षणाला 1 लाख रुपये मागितले. बनारस आणि अलीगढ विद्यापीठांना सरकार प्रत्येकी 3 लाख देतच होते. त्यांना कुणी जावई म्हटले नाही! 1944 पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. म्हणजे तंत्रशिक्षण घेणारा मुलगा या योजनेत मागाहून शिरलेला नाही. मूळ मागणीच त्याच्यासाठी होती.

आणि आम्ही सवलतींना चिकटून बसणारे असतो, तर 14 ऑक्टोबर 1956 रोजी वर्ध्याची माणसे नागपूरला गेलीच नसती. माझे आजोबा गेले. बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा गेला. महाराष्ट्राने 1960 साली सवलती दिल्या. केंद्राने दर्जा दिला तो 1990 मध्ये. 34 वर्षे! माझ्या वडिलांचे नोकरीचे वय त्यातच सरले.

राहिली गुणवत्ता. 1983 साली राज्याने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. पुढे देणग्या इतक्या बोकाळल्या, की 1987 मध्ये त्यांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. पैसे मोजून जागा मिळवणाऱ्याला गुण विचारल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

त्या मुलाने सारे ऐकून घेतले. मग म्हणाला, "सर, ते निवेदन वाचायला मिळेल?" बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा दहावा खंड त्याला दिला. अजून परत आलेला नाही.