चित्र कोणी काढवून घेतले?

राजवाड्यातील रोजचे जीवन चित्रावरून कळते, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे, हे दोन चित्रांवरून पाहू. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिने १८५० साली जेम्स रॉबर्ट्स या चित्रकाराकडून विंडसर किल्ल्यातील नाताळचा वृक्ष जलरंगांत रंगवून घेतला. फांद्यांवर मेणबत्त्या, भोवती भेटवस्तू. दरबारी थाटाचा लवलेश नाही. घरातला सण आहे. राणीला आपल्या घराची आठवण हवी होती.

आता पुण्याच्या शनिवारवाड्याकडे वळू. थॉमस डॅनियल याने जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून १८०५ साली पेशव्यांच्या दरबाराचे भव्य तैलचित्र पुरे केले. त्यात सवाई माधवराव आहेत आणि टिपूविरुद्धचा १७९० चा तह आहे. कारण चित्र हवे होते इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट यास, आणि आठवण हवी होती ती त्याच्या कामगिरीची. मुदपाकखाना, दिवाबत्ती, मुलांचा गलका यांना तेथे जागा कोठून मिळणार?

१८२८ च्या आगीत वाडा जळाला. तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. तरी त्या घराचा माग सर्वस्वी पुसला गेलेला नाही. पेशवे दप्तरातील मोडी कागदांत वाड्यावरील खर्चाचे हिशेब कारकुनांनी लिहून ठेवले आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. कारकुनाला आठवण ठेवावयाची नव्हती, हिशेब द्यावयाचा होता. म्हणूनच चित्रकाराने गाळलेले घर त्याच्या बोरूतून सुटले नाही.