वस्तऱ्याचे पोलाद

परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या आठवडी बाजारात झाडाखाली बसणाऱ्या न्हाव्याच्या धोपटीत पूर्वी ठोकून घडवलेला वस्तरा हमखास असे. 1990 नंतर एड्सच्या भीतीने बदलत्या पात्याचे वस्तरे आले आणि तो मागे पडला. पण त्या वस्तऱ्यात धातुशास्त्राचा एक मोठा धडा आहे.

धार टिकायची तर पोलाद कठीण हवे. मात्र फार कठीण पोलाद काचेसारखे ठिसूळ होते आणि धारेचा कपचा उडतो. कारागीर हा पेच दोन टप्प्यांत सोडवतो. प्रथम पाते लाल तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवायचे. यालाच आपल्याकडे 'पाणी देणे' म्हणतात. मग ते घासून चकचकीत करायचे आणि पुन्हा मंद तापवायचे. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिपातळ थर चढू लागतो व त्याचे रंग बदलत जातात. फिका गवती पिवळा रंग (सुमारे 230 अंश सेल्सिअस) दिसला की वस्तरा बाहेर काढायचा. निळा रंग (सुमारे 300 अंश) येईपर्यंत थांबलो, तर ते पोलाद स्प्रिंगला चांगले, दाढीला नाही.

वर्गात हे शिवणाच्या सुयांवर दाखवता येते. शिक्षकांनी स्वतः, चिमट्यात धरून, दोन सुया ज्योतीत लाल तापवाव्यात. एक ज्योतीतून हळूहळू बाहेर काढावी, दुसरी झटकन पाण्यात बुडवावी. पहिली वाकते, दुसरी मोडते. (तुकडा उडतो, म्हणून मोडताना ती फडक्यात धरावी.)

साध्या घडीव लोखंडावर मात्र ही युक्ती चालत नाही. त्यात कार्बन 0.1 टक्क्याहूनही कमी असतो. वस्तऱ्याला तो एक टक्क्याच्या आसपास किंवा थोडा अधिक लागतो. असे पोलाद करणारे एक नामांकित गाव, कोनसमुद्रम, परभणीप्रमाणेच निजामाच्या राज्यात होते. गंगाखेडहून नांदेडकडे जाणारी गोदावरी पुढे तेलंगणात शिरते. तिच्या दक्षिणेस, आजच्या निजामाबाद भागात हे गाव आहे. लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील डॉक्टर व भूशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसी याने तिथल्या भट्ट्या पाहिल्या. (हा लॅम्बटन 1823 साली आपल्या हिंगणघाटला वारला.) व्हॉयसी 1824 मध्ये गेला, त्याचे वर्णन 1832 साली छापले गेले. दोन ठिकाणचे लोखंड ठरावीक प्रमाणात मिसळून बंद मुशीत वितळवत, मिळालेली ठिसूळ वडी मातीचा लेप देऊन पुन्हा पुन्हा भाजत. माल घ्यायला इराणचे व्यापारी येत.

याच जातीच्या पोलादाला, म्हणजे 'उक्कू'ला, इंग्रज 'वूट्झ' म्हणू लागले. 1794 च्या सुमारास मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉटने त्याचे नमुने लंडनला जोसेफ बँक्सकडे पाठवले. तिथला चाकू व शस्त्रक्रियेची हत्यारे करणारा कारागीर जेम्स स्टोडार्ट याने त्याचे पाते घडवून पाहिले आणि तो त्याच्या प्रेमातच पडला. पुढे त्याला सोबती मिळाला मायकेल फॅरडे, स्वतः लोहाराचा मुलगा. 1819 साली फॅरडेने वूट्झचे पृथक्करण केले आणि त्याचा गुण अल्पशा ॲल्युमिनियममुळे येतो असा निष्कर्ष काढला. तो चुकला. पण 'अल्पसे काहीतरी' या कल्पनेचा पाठलाग करत दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहिले. मिश्रपोलादांचा पद्धतशीर अभ्यास असा सुरू झाला. आपल्या पोलादाचे वस्तरे फॅरडे मित्रांना भेट देत असे! 1931 साली रॉबर्ट हॅडफील्डने त्याचे उरलेले नमुने तपासले तेव्हा या विस्मृतीत गेलेल्या कामाचे मोल कळले.

आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, असे यावरून आम्ही म्हणणार नाही. कार्बनची भूमिका फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1786 मध्ये उलगडली. कोनसमुद्रमच्या लोहाराला ती सांगता आली नसती. आणि त्याच्यासारखी वडी करणे लंडनला सहज जमले नाही.

1998 साली अमेरिकेत जॉन व्हर्होवेन हे प्राध्यापक आणि आल्फ्रेड पेंड्रे हे लोहार यांनी सहकाऱ्यांसह दाखवले, की वूट्झच्या पात्यावरची नक्षी व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्याच्या अत्यल्प अंशामुळे उमटते. हा अंश खनिजातूनच येतो. दोन ठिकाणचे लोखंड मिसळण्यामागे अनुभवाने सापडलेले असेच काही असेल का, असा प्रश्न आम्हाला व्हॉयसीचे वर्णन वाचताना पडतो.