हळद जिंकली, पण जिरली का?



हळदीच्या पेटंटची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट ऑफिसने मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं (क्र. ५४०१५०४). सीएसआयआरने ३२ जुने दाखले समोर ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर; जन्म गोव्यातल्या माशेलचा, शिक्षण मुंबईच्या यूडीसीटीत. मराठी माणसाची कॉलर जरा जास्तच ताठ झाली, आणि व्हायलाच हवी होती.

पण त्या भांडणात एक प्रश्न निघालाच नाही, कारण पेटंटच्या कायद्याला त्याची गरज नव्हती. पेटंटात हळद जखमेवर लावण्याबरोबरच तोंडावाटे देण्याचाही समावेश होता. लावलेली हळद जखमेपर्यंत पोचते हे डोळ्यांना दिसतं. गिळलेली हळद कुठवर पोचते?

याचं उत्तर शोधायचं काम भारतात त्याआधी पंधराएक वर्षं झालं होतं, म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न-तंत्रज्ञान संस्थेत. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि एन. चंद्रशेखर यांनी १९८० मध्ये उंदरांना तोंडावाटे ४०० मिलिग्रॅम करक्युमिन (हळदीचं पिवळं द्रव्य) दिलं. हृदयातून घेतलेल्या रक्तात ते सापडलंच नाही. आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या रक्तात नुसता अंश. जवळजवळ ४० टक्के जसंच्या तसं विष्ठेतून बाहेर. मग उरलेलं गेलं कुठे?

इथे त्यांनी जी पद्धत वापरली ती मला फार आवडते. ब्रिटनमध्ये शेफील्डला विल्सन आणि वाइजमन यांनी १९५४ मध्ये ती प्रसिद्ध केली होती. उंदराच्या लहान आतड्याचा तुकडा घ्यायचा, मोजा उलटा करावा तसा आतली बाजू बाहेर करायचा, दोन्ही टोकं बांधून आत थोडं द्रव भरायचं आणि ही पिशवी ऑक्सिजन खेळवलेल्या कोमट द्रावणात सोडायची. औषध बाहेरच्या द्रावणात टाकायचं. ते आतड्याची भिंत ओलांडून पिशवीच्या आत आलं की समजायचं, शोषलं गेलं. उलटं का करायचं? कारण अन्नाला भिडणारी बाजू बाहेर आली की तिला ऑक्सिजन मिळतो, आणि आतल्या जेमतेम द्रवात अगदी थोडं औषध आलं तरी मोजता येतं. प्रयोगाला काचेचं भांडं, दोरा आणि घड्याळ. कोट्यवधींचं मशीन नाही.

१९८१ चा निकाल असा: बाहेरच्या द्रावणातलं ३० ते ८० टक्के करक्युमिन नाहीसं झालं, पण पिशवीच्या आतल्या द्रवात एक कणही आला नाही. भिंतीतही तीन टक्क्यांच्या आतच सापडलं. आमच्या भाषेत सांगायचं तर पॅकेट निघालं, पण पोचलं नाही. वाटेत त्याचं दुसरंच काहीतरी झालं. आतड्याची भिंत ही नुसती गाळणी नाही, ती स्वतःच एक कारखाना आहे, हे या साध्या पिशवीने दाखवलं. (रवींद्रनाथ बाई पुढे मेंदूच्या संशोधनाकडे वळल्या आणि मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या संस्थापक संचालक झाल्या.)

नंतर मॉडेलं बदलली. १९८९ पासून कॅको-२ पेशींची चलती सुरू झाली. या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधून घेतलेल्या पेशी. पण जाळीवर सुमारे तीन आठवडे वाढवल्या की लहान आतड्याच्या अस्तरासारख्या वागतात. मोहालीच्या नायपरने २०११ मध्ये त्यांच्यावर करक्युमिन तपासलं. निष्कर्ष म्हैसूरच्याच वळणाचा: भिंतीतून कमी जातं, आणि जाताना काही भाग बदलून जातो.

पण बाजाराने यातलं काही उचललं नाही. बाजाराने उचलला १९९८ चा बंगळूरचा, सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजचा प्रयोग. माणसांना २ ग्रॅम करक्युमिनसोबत मिऱ्यातलं पिपेरिन २० मिलिग्रॅम दिलं, तर रक्तातली उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. हा आकडा तुम्ही कॅप्सूलच्या जाहिरातींत पाहिला असेलच. पण नुसतं करक्युमिन दिलं तेव्हा रक्तात ते जवळजवळ शून्य होतं, आणि शून्याजवळच्या आकड्याची वीसपट वाढ म्हणजे किती, हे इंजिनिअर मंडळींना सांगायला नको. शिवाय हळदीत करक्युमिन तीनेक टक्के धरलं तर २ ग्रॅम म्हणजे पासष्ट-एक ग्रॅम हळद. आपण वरणात चिमूटभर टाकतो.

आमच्या चँडलरपासून दोनेक तासांवर टूसानला ॲरिझोना विद्यापीठात जॅनेट फंक यांनी हळद आणि सांधेदुखी यावर बरीच वर्षं काम केलं आहे. २०१० मध्ये त्यांच्या गटाने उंदरांवर हळदीचं तेल तपासलं. सुईने पोटात टोचल्यावर सांध्यांची सूज जबरदस्त उतरली, पण बरेच उंदीर आजारी पडले, काही मेले. तोंडावाटे वीसपट डोस दिला तर काही अपाय नाही, पण फायदाही जेमतेम. म्हणजे ज्या भिंतीमुळे हळद पोचत नाही, तीच भिंत आपल्याला सांभाळतेही.

पिपेरिन नेमकी ही राखण ढिली करतं, आणि फक्त हळदीपुरती नाही. जम्मूच्या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये दाखवलं की रोज २० मिलिग्रॅम पिपेरिन घेणाऱ्यांच्या रक्तात प्रोप्रॅनोलॉल (ब्लडप्रेशरचं) आणि थिओफिलिन (दम्याचं) यांचं प्रमाण वाढतं. डोस बंगळूरइतकाच.

हे सगळं लिहायचं कारण, हिवाळ्यात आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे आई-बाबा येतात. त्यांच्या गोळ्यांचा डबा भारतातून भरून आलेला असतो आणि गुडघ्यांसाठी म्हणून आपण कौतुकाने इथल्या दुकानातून मिरेवाली हळदीची कॅप्सूल आणतो. "हळदच आहे" म्हणून डॉक्टरांना कोणी सांगत नाही. यकृताला औषधांमुळे झालेल्या इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधन-जाळ्याने २०२२ मध्ये हळदीशी जोडलेले १० रुग्ण मांडले. सगळे २०११ नंतरचे. एक दगावला. सात जणांची उत्पादनं तपासली, तर सातांतही हळद होती आणि तिघांच्यात पिपेरिनसुद्धा. दहा हा आकडा मोठा नाही, फोडणीतल्या हळदीला घाबरायचं कारण तर मुळीच नाही. पण आई-बाबांना डॉक्टरकडे नेताना ती बाटलीही सोबत न्या. पिपेरिन लिहिलंय का ते बहुधा मागच्या बाजूला, बारीक अक्षरात असतं.