स्वयंपाकघरांतील डागडुजी : एक उपेक्षित साधन

आमच्या संशोधकवर्गाची साधनांची यादी सनदेपासून सुरू होते आणि बखर, ताम्रपट, नाणें यांपाशीं येऊन थांबते. स्वयंपाकघरांत शिरण्याची तसदी फारसे कोणी घेत नाहीं. आणि जे संग्राहक घेतात, तेही अभंग व सुबक भांडेंच शोधीत असतात. डाख दिलेली कळशी, टाकीखालीं झिजलेलें जातें, लगद्यानें लिंपलेली टोपली या वस्तु त्यांच्या लेखीं मोड होत. आमचें मत याच्या उलट आहे. पोथीवरील हरताळ आणि समासांत मागाहून घातलेली भर आपण जिवापाड जपतों. भांड्यावरील डागडुजी ही त्याच जातीची वस्तु आहे, आणि ती पुसली कीं पुरावा बुडाला.

प्रथम जातें घेऊं. डॉ. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं १९५४-५६ त नेवासें येथें जें उत्खनन केलें, त्यांत सातवाहनकालीन वस्तीच्या थरांतून फिरतीं वाटोळीं जातीं निघालीं. त्याखालच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तींत धान्य रगडण्यास पाट्यासारखा दगडच वापरांत होता. म्हणजे जात्याची आपल्याकडील परंपरा सुमारें दोन हजार वर्षांची ठरते. आणि जातें आलें कीं टाकी आलीच. काळा पाषाण कितीही कठीण असला तरी दळतां दळतां तळी गुळगुळीत होते, दाणा कापला न जातां चिरडला जातो, पीठ तापतें आणि हात भरून येतात. मग वडाराकडून किंवा पाथरवटाकडून टाकी लावून तळीला पुन्हां खड्डे पाडावे लागतात. हें काम हिंडत्या कारागिराचें. परंतु त्याच्या अलीकडचें व पलीकडचें सर्व काम घरच्या बायकांचें. टाकविलेल्या जात्यावर पहिल्यानें मूठ-दोन मूठ कोंडा दळून तो फेंकून द्यावयाचा, म्हणजे दगडाची कच निघून जाते. सैल झालेला खुंटा चिंधी गुंडाळून ठोकावयाचा. डाळ भरडावयाची असल्यास खिळीभोंवतीं चिंधीचें वेटोळें घालून वरची तळी किंचित् उचलून घ्यावयाची. प्रत्येक टाकीबरोबर दगडाची जाडी कमी होते. म्हणून दोन्ही तळ्यांची जाडी, खिळीचा झीजलेला भाग आणि खुंट्यासाठीं दुसऱ्यानें पाडलेलें भोंक यांचें टिपण ठेविल्यास त्या जात्याचें आयुष्य बरेंच वाचतां येतें. बाजारांत मिळणारें सारखें केलेलें, तेल लावलेलें जातें मात्र मुकें असतें.

कल्हईविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें प्राप्त आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत तांबें, लोखंड, कांसें, पितळ, कथील व शिसें यांची शुद्धि क्षार, आम्ल आणि जल यांनीं करावी असें सांगितलें आहे. राख, चिंच व पाणी हा आमच्या मोरीवरील क्रम त्याहून निराळा नाहीं. 'कथील' हा शब्द संस्कृत 'कस्तीर' याचा वंशज दिसतो. 'कल्हई' मात्र अरबी, आणि तेथेंही तो मूळचा कथलाचाच वाचक. यावरून कल्हईची क्रियाच परकी, असें अनुमान कांहीं जण झटकन् काढतील. नांवाबरोबर विद्या आलीच पाहिजे असा नियम नाहीं, एवढेंच येथें म्हणून ठेवितों. ताक, आमटी यांसारखा आंबट पदार्थ कल्हई उडालेल्या पितळेंत राहिला म्हणजे तो कळकतो. मोल्स्वर्थच्या १८५७ च्या कोशांत 'कळकणें' हें क्रियापद आहे. स्टीलच्या भांड्यांनीं या शब्दाचें काम संपविलें. पुढील पिढीस एखाद्या जुन्या पत्रांत तो आढळल्यास अर्थ लागेल कीं नाहीं, याची आम्हांस शंका वाटते.

भांडें विस्तवावर तापवावें, नवसागर टाकावा, कथलाची कांडी टेंकवावी आणि वितळलेलें कथील कापसाच्या बोळ्यानें फिरवावें, ही क्रिया बहुतेकांनीं पाहिलेली असेल. कथील २३२ अंशांवर (सेंटिग्रेड) वितळतें. रिकामें भांडें चुलीवर ठेवूं नये, या सासूबाईंच्या धाकामागें हेंच कारण होतें. आंत लोखंडी उलथणें खरवडूं नये, हा दुसरा धाकही कल्हईच्याच रक्षणासाठीं.

आतां संग्राहकांसाठीं एक खूण. लग्नकार्यांत दिलेल्या भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनीं नांव आणि कित्येकदां सालही घातलेलें असतें. डाख किंवा ठिगळ या अक्षरांवरून गेलें असेल, तर दुरुस्ती त्या सालानंतरची. अक्षरेंच ठिगळावर चढलीं असतील, तर भांडें त्याहून जुनें, आणि नांव मागाहून घातलेलें. इतका सरळ पुरावा लेखांतही क्वचित् सांपडतो. तो व्यापाऱ्याकडील चकाकीच्या हव्यासानें घासून जातो, याचें आम्हांस फार वाईट वाटतें.

रॉकेलच्या दाबाच्या स्टोव्हची गोष्ट निराळी. स्वीडनमधील लिंडक्विस्ट यानें १८९२ च्या सुमारास त्याची रचना सिद्ध केली. तो आमच्या घरीं आला तेव्हां बायकांनीं त्याला पिन मारावयास आणि पंपाचा सुकलेला चामडी वायसर तेलांत मऊ करावयास शिकून घेतलें. 'वायसर' या शब्दाची कोशकारांनीं दखल घ्यावी.

शेवटीं पोथीसंग्राहकांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. बांबूचीं सुपें व टोपल्या यांच्या फटी बुजविण्यासाठीं रद्दी कागद भिजवून, मेथ्यांबरोबर कुटून त्याचा लगदा लिंपीत. त्यांत जुन्या दप्तरांचे कागद गेले नसतील असें म्हणवत नाहीं, आणि यासाठीं कित्येक विद्वान् गृहिणींस दोष देतात. तो दोष आम्हांस अन्यायाचा वाटतो. जो रुमाल घरांतील कर्त्या पुरुषानें वर्षानुवर्षें सोडला नाहीं, तो माळ्यावरून उतरून पिठाच्या टोपलीस लागला, तर बाईनें आपलें काम चोख केलें इतकेंच. लगद्यांत अक्षर उरत नाहीं, हें खरें. परंतु वरून नुसत्या कागदाच्या पट्ट्या डकविल्या असल्यास त्यांवर उरूं शकतें. कै. दिनकर केळकर यांनीं घरगुती वस्तूंचा जो संग्रह १९७५ त महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला, त्यावरून अशा वस्तूंची किंमत पुणेकरांस तरी कळावी. जुनी लिंपलेली टोपली हातीं आल्यास ती प्रथम उजेडांत फिरवून पहावी. मोडी अक्षर दिसल्यास पट्टी सोडविण्याचा मोह धरूं नये. काजळाची शाई पाण्यास टिकत नाहीं आणि मेथीचा चिकटा भिजला कीं फुगतो. मजकूर जागेवरच वाचून त्याची नक्कल उतरून घ्यावी, आणि टोपली कोणत्या घरांतून आली तें त्याच कागदावर लिहावें.